हत्ती मुलांचा, हात आईचे!

मैत्रिणींनो, शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आपल्या घरांत एक वेगळाच हंगाम येतो. पहिली-दुसरीतलं पोर दप्तरातून चिठ्ठी काढतं आणि आपल्या पुढ्यात धरतं, 'उद्या प्राण्यांचा प्रोजेक्ट आणणे.' हल्ली तर चिठ्ठीही नसते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री आठ वाजता निरोप येतो. मग काय, पोळ्या अर्ध्या टाकून आपण चप्पल पायात सरकवतो आणि दुकान बंद व्हायच्या आत एसटी स्टँडसमोरचं स्टेशनरीचं दुकान गाठतो. तिथे आधीच चार-पाच आया उभ्या असतात. 'जंगली प्राणी द्या', 'पाळीव संपले का हो?', 'पाण्यातले चालतील का?' भाजी घ्यावी तसे प्राणी घेतले जातात.

घरी आलं की कार्डशीट, लोकर, फेविकॉल, चमकी असा सगळा पसारा मांडायचा. मूल उत्साहाने कात्री हातात घेतं. आपण म्हणतो, 'थांब, तू वाकडं कापशील.' मूल रंग उचलतं. आपण म्हणतो, 'बाहेर जाईल, दे इकडे.' दहा वाजता मूल पेंगायला लागतं आणि झोपून जातं. अकरा वाजता आपला सिंह तयार होतो. सकाळी तो पोराच्या हातात देताना आपण वर बजावतो, 'धक्का लावू नकोस हं, मोडेल!' बघा गंमत. प्रोजेक्ट त्याचा आणि त्यालाच हात लावायची बंदी!

आपल्या झोपेचं खोबरं होतं, पैसे जातात, हे खरंच आहे. पण आज मला त्याबद्दल तक्रार करायची नाही. आपण बायका त्याहून मोठी जागरणं काढतो. मला बोलायचंय ते त्या झोपून गेलेल्या मुलाबद्दल. त्या रात्री त्याचं काय जातं, ते आपल्या लक्षातच येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत छोट्या मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. विषय प्राण्यांचाच. बचत गटाच्या कामामुळे चार लोक ओळखतात, म्हणून बक्षिसं द्यायला मला बोलावलं होतं. तीन लांब टेबलं मांडली होती. त्यांच्यावर लोकरीच्या आयाळीचे सिंह, पिवळ्याधमक कागदाचे जिराफ, कापसाचे ससे. सगळे एका घरचे वाटावेत इतके सारखे, कारण सगळे मोबाइलवरच्या एकाच व्हिडिओतून जन्माला आलेले. मी एकेका मुलाला विचारत गेले, 'कसं केलंस रे हे?' बहुतेकांनी आधी आईकडे पाहिलं. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, 'मला नाही माहीत, मम्मीने केलंय.'

शेवटच्या टेबलाच्या टोकाला एक मातीची शेळी होती. एक शिंग तुटलेलं, पाय आखूड आणि पोट हे एवढं मोठं. शेजारी दुसरीतली एक मुलगी उभी होती. आई शेतावर रोजंदारीला जाणारी, ती आलेली नव्हती. मी विचारलं, 'पोट एवढं मोठं का गं हिचं?' ती म्हणाली, 'हिच्या पोटात दोन हायेत. मागल्या टायमाला बी दोनच झाली हुती.' मग ती बोलतच सुटली. शेळी बसताना आधी पुढचे पाय मुडपते, उठताना आधी मागचे उचलते. पाऊस आला की ओरडते. बाभळीच्या शेंगा दिल्या की मागे मागे येते. तिच्या डोळ्यातली काळी बाहुली आडवी असते, मांजरीसारखी उभी नसते. मातीत तिने ती आडवीच रेघ नखाने ओढली होती. मैत्रिणींनो, मी जन्मभर शेळ्या बघत आले, पण हे इतक्या बारकाईने मला कुणी सांगितलं नव्हतं.

बक्षिसांची यादी माझ्या हातात आली तेव्हा ती आधीच ठरलेली होती. गुण सुबकतेला होते. पहिला सिंह, दुसरा जिराफ, तिसरा ससा. शेळीचं नाव उत्तेजनार्थमध्येही नव्हतं. मी माइकवर शेळीचं कौतुक केलं, टाळ्याही झाल्या. पण निघताना ती मुलगी मला काय म्हणाली, ठाऊक आहे? 'बाई, आईचा पगार झाला की पुढल्या टायमाला मी पण विकतचा आणणार.'

या एका वाक्यात सगळं आलं. सात वर्षांच्या पोरीला आपण त्या दिवशी शिकवलं की तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, तुझ्या हातांनी घडवलेलं काही कामाचं नाही. दुकानातलं खरं, तुझं खोटं. आणि ज्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं तोही काही वेगळं शिकला नाही. त्यालाही कळलंच ना, की आपल्याला येत नाही, आईला येतं. एक मूल हरलं आणि दुसरं जिंकूनही हरलं.

लहान मुलांच्या चित्रांकडे आपण मोठ्यांच्या चष्म्यातून बघतो, तिथेच घोटाळा होतो. पाच-सहा वर्षांचं मूल गाय काढतं तेव्हा चारही पाय एका ओळीत, एकही लपलेला नाही. पोटातलं वासरू बाहेरून दिसतंय. तोंड एका बाजूला वळलेलं, पण डोळे दोन्ही. आपण हसतो किंवा खोडरबर घेतो. ल्यूके नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सांगितलंय की लहान मूल समोर दिसतं तसं काढत नसतं, त्याला जे माहीत असतं ते काढत असतं. गायीला चार पाय आहेत हे त्याला माहीत आहे, मग तीनच कसे काढणार? वासरू पोटात आहे हे त्याला माहीत आहे, मग ते लपवणार कसं? म्हणजे ते चित्र चुकलेलं नसतं. मुलाने आपल्याला ठाऊक असलेलं सगळं कागदावर ओतलेलं असतं. आपण खोडरबर फिरवतो तेव्हा रेघ पुसत नाही, त्याचं ज्ञान पुसतो.

लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षणातले एक मोठे जाणकार होऊन गेले. १९४७ साली आलेलं त्यांचं पुस्तक कलाशिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. छापील चित्रांत रंग भरायच्या वह्यांना त्यांचा विरोध होता. छापलेला पक्षी एकदा रंगवला की मुलाला स्वतःचा पक्षी ओबडधोबड वाटू लागतो आणि ते म्हणतं, 'मला पक्षी येत नाही.' आपल्या घरातही हे वाक्य ऐकू येतं की नाही? काल-परवापर्यंत भिंती रंगवणारं पोर दुसरीत गेल्यावर एकाएकी म्हणतं, 'आई, तूच काढून दे ना.' आपल्याला वाटतं, आळशी झालं. ते आळशी झालेलं नसतं, घाबरलेलं असतं.

आणि हे परदेशातल्या विद्वानांनीच सांगायला हवं असंही नाही. आपल्या बायकांच्या हातात ही विद्या पिढ्यान् पिढ्या होतीच की! चैत्रात गौर बसली की अंगणात चैत्रांगण काढायची रीत. त्यात सूर्य-चंद्र, तुळस, गोपद्मं आणि त्यांच्या जोडीला कासव, नाग, मोर, हत्ती. आजी रांगोळीची चिमूट सोडायची आणि शेजारी बसलेली नात आपला वेगळा नाग काढायची. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढून हादग्याचा, भोंडल्याचा फेर धरायचा. तो हत्ती कधी डुकरासारखा दिसायचा, कधी सोंडेवरून तेवढा ओळखू यायचा. पण 'हत्ती नीट नाही, आज फेर नाही' असं कुणी म्हटल्याचं ऐकलंय का? बेंदराला, पोळ्याला मातीचे बैल घरोघरी व्हायचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी मातीचा वाघ बसायचा. त्या वाघाची शेपटी रोज सकाळी गळून पडायची आणि रोज नवी लागायची. गुण नव्हते, बक्षीस नव्हतं, म्हणून पोरांचे हात मोकळे होते.

डहाणू-तलासरीकडच्या वारली वस्त्यांमध्ये लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहायचं काम सवाशिणींचं. गेरू-शेणाने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की झाला माणूस. तशाच साध्या रेघांतून गाय, मोर, घोडा. याच परंपरेतले जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या रेघांतले प्राणी आज मोठमोठ्या दालनांत लागतात, लोक थांबून बघतात. आणि आपल्या पोराने काढलेल्या त्रिकोणी गायीला मात्र आपण म्हणतो, 'ही काय गाय आहे?'

आता तुम्ही म्हणाल, 'ताई, हे बोलायला ठीक आहे, पण मार्क कापले तर?' रास्त प्रश्न आहे. पण ही प्रोजेक्टची भानगड मुळात आली कशासाठी, हेही पाहू या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यापाठोपाठ २०१० मध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या परीक्षेवर मूल तोलू नका, वर्षभर त्याचं बोलणं, वागणं, करणं बघा, असा त्यातला विचार. उपक्रम, प्रात्यक्षिक, प्रकल्प हे सगळं त्यासाठीच. म्हणजे घोकंपट्टीपासून मुलाची सुटका व्हावी म्हणून जे आलं, त्याचंच ओझं आपण आईच्या डोक्यावर चढवलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही खेळातून, कृतीतून आणि कलेतून शिकण्यावर भर आहे. कृती मुलाची, आईची नव्हे. आईने केलेल्या सिंहाला गुण दिले तर मूल्यमापन कुणाचं झालं? खरं म्हणजे प्रमाणपत्रावर आपलंच नाव घालायला हवं!

शिक्षकांचीही एक बाजू आहे, ती ऐकायला हवी. त्या प्रदर्शनाच्या दिवशी एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'मॅडम, मला कळत नाही असं नाही. पण मुलांनी केलेलं ओबडधोबड मांडलं तर पालकच म्हणतात, शाळेत काही शिकवत नाहीत. शेजारच्या शाळेचं प्रदर्शन बघा म्हणतात.' म्हणजे शाळेला पालकांची भीती, पालकांना शाळेची भीती आणि दोघांच्या मध्ये ते पोर. ही गाठ कुणीतरी सोडवायला हवी. आपणच सुरुवात केली तर?

आणखी एक आक्षेप नेहमी येतो. 'सुबकपणा नको का शिकवायला? हाताला वळण नको का?' हवं ना! पण सहा वर्षांच्या मुलाची बोटं अजून कोवळी असतात, कात्री सरळ चालायला वेळ लागतो. ती सरळ कशाने चालेल? कापून कापूनच चालेल. आई कापत राहिली तर आईचाच हात सरावेल. पोळी गोल व्हायला आपल्याला किती दिवस लागले होते, आठवा. पहिले काही दिवस आपण नकाशेच लाटले. तेव्हा आईने लाटणं काढून घेतलं असतं तर आज पोळी आली असती का? सुबक चित्रकलेला पुढे हायस्कूल आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत. पहिली-दुसरीत हाताला धीर यायला हवा.

मग आईने करायचं काय? नुसतं बघत बसायचं? छे. आईचं काम मोठं आहे, फक्त ते कात्रीचं नाही. आईने विचारायचं. प्राणी निवडायच्या आधी मुलाला बाहेर घेऊन जा. फार लांब नको, दारापर्यंत पुरे. आपली मुलं जिराफ आणि कांगारू धडाधड सांगतात, पण दारातल्या खारीच्या पाठीवर पट्टे किती हे त्यांना माहीत नसतं. कुठे तीन असतात, कुठे पाच. मोजू द्या. कोंबडीच्या पायाची बोटं पुढे किती, मागे किती? पोपटाची तशीच असतात का? मुंगीला पाय सहा आणि कोळ्याला आठ, हे पुस्तकात वाचण्याआधी भिंतीवर पाहू द्या. गाय चारा खाते तेव्हा तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात दिसतात का, हे गवळ्याला विचारू द्या. असं पाहून आलेलं मूल घरी येऊन जे करेल, ते दुकानात मिळणार नाही.

जंगलातलाच प्राणी हवा असेल तर आपल्या राज्याचा शेकरू आहे की! झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारणारी ही झुपकेदार शेपटीची मोठी खार आपला राज्यप्राणी आहे. भीमाशंकरचं अभयारण्य तिच्यासाठीच ओळखलं जातं. हरियाल हा राज्यपक्षी आहे आणि २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे काळं-निळं फुलपाखरू राज्यफुलपाखरू ठरलं. मुलाने शेकरूची शेपटी अंगापेक्षा मोठी केली तर करू द्या. त्याला तीच आवडली असेल.

साहित्यासाठी शंभर-दोनशे रुपये घालवायची मुळीच गरज नाही. करवंटी पालथी घातली की कासवाची पाठ झाली. रिकाम्या काड्यापेट्या एकापुढे एक चिकटवल्या की अळी होते. पिंपळाचं वाळलेलं पान मासा होतं, आंब्याची कोय केसांसकट उंदीर होते. बोट रंगात बुडवून ठसा उमटवला आणि त्याला पाय काढले की कोळी, चोच काढली की चिमणी. भेंडीच्या आणि कांद्याच्या कापाचे ठसे असतातच. जुन्या मोज्यात हात घातला की बोलका साप होतो. वर्तमानपत्राचा बोळा दोऱ्याने बांधला की अंग तयार, वर खळीने कागद चिकटवा. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे चिकणमाती. ती बिघडत नाही, कारण बिघडलं तर पुन्हा गोळा करता येतो. थर्माकोलच्या नादी तर लागूच नका. राज्यात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. पोराच्या प्रोजेक्टसाठी तो कचरा घरात कशाला आणायचा?

दोन-तीन गोष्टींची काळजी मात्र घ्या. डोळ्यांसाठी लालचुटुक गुंजा मुलांच्या हातात देऊ नका. दिसायला सुंदर असल्या तरी गुंजेचं बी विषारी असतं. त्याऐवजी मोहरी, मसूर, काळे उडीद घ्या आणि चिकटवताना जवळ बसा, लहान पोरं नाकात घालतात. जिवंत फुलपाखरू पकडून वहीत चिकटवायचा प्रोजेक्ट शाळेने सांगितला तरी करू नका, पक्ष्याचं घरटं उतरवून आणू नका. प्राण्यावर माया करायला शिकवायचं आणि त्यासाठी प्राणीच मारायचा, हा कुठला न्याय?

काम झालं की मुलाने सांगितलेली दोन वाक्यं मागे लिहून द्या, त्याच्याच शब्दांत. 'ही आमची मनी आहे. तिला दूध गार लागतं.' एवढं पुरे. बाईंना गुण द्यायला ही दोन वाक्यं सिंहाच्या आयाळीपेक्षा जास्त उपयोगी पडतील. रोजंदारीवर जाणाऱ्या आईकडे फेविकॉल नसेल, पण 'आज कोणता पक्षी बघितलास?' असं चूल पेटवता पेटवता विचारायला तिला पैसे लागत नाहीत. म्हणूनच मला वाटतं, हा मार्ग सगळ्या मुलांना सारखा परवडतो.

पालकसभेत आपण नेहमी गप्प बसतो, कारण आपल्या पोराला त्रास होईल असं वाटतं. एकटीने बोलू नका. चार जणी मिळून जा आणि तीनच गोष्टी मागा. प्राण्यांचे प्रोजेक्ट वर्गात, शाळेच्या वेळात करून घ्या, म्हणजे कुणाची आई सुगरण आणि कुणाची आई कामावर हा फरकच उरणार नाही. घरी दिलेच तर आठवडाभर आधी सांगा. आणि गुण सुबकतेला न देता मुलाला त्या प्राण्याबद्दल काय सांगता येतं, त्याला द्या. मला खात्री आहे, पुष्कळ शिक्षिकांना हे मनातून हवंच आहे. त्यांना आपला पाठिंबा तेवढा हवाय.

आणि प्रदर्शनात ओबडधोबड शेळ्या, तीन पायांचे कावळे, अंगापेक्षा शेपटी मोठी असलेल्या खारी मांडलेल्या दिसल्या, तर 'शाळेत काही शिकवत नाहीत' असं म्हणू नका बरं. त्या शाळेत मुलं बघायला शिकतायत, आणि पाहिलेलं स्वतःच्या हाताने मांडायची त्यांना भीती वाटत नाही. पुढे आयुष्यात दुसऱ्याने कापून दिलेल्या चाकोरीत न बसणारे प्रश्न येतील, तेव्हा हेच हात त्यांच्या कामाला येणार आहेत. तेवढ्यासाठी एक रात्र आपण कात्री खाली ठेवू या. जमेल ना?